पेशंट बोलत नाही, मग दुखतंय हे ओळखायचं कसं?

आयसीयूत नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी मी तिला एकच काम देते. बेडपाशी एक मिनिट नुसती उभी राहा, हात लावू नकोस, पंप बघू नकोस, मॉनिटरकडे तर अजिबात बघू नकोस, फक्त पेशंटकडे बघ आणि मग मला येऊन सांग काय दिसलं. बहुतेक जणी सांगतात, "मॅडम, शांत झोपलेत." मग मी विचारते, कपाळ कसं होतं? भुवया खाली ओढलेल्या होत्या का? उजवी मूठ उघडी होती की मिटलेली, आणि मिटलेली असेल तर चादर धरलेली होती का? ती परत जाते, बघते, आणि या वेळी येते तेव्हा तिचा स्वतःचाच चेहरा बदललेला असतो.

हे मी नवीन सिस्टर, ब्रदर आणि ज्युनिअर डॉक्टरांसाठी लिहितेय, पण ज्यांचं माणूस आत व्हेंटिलेटरवर आहे त्यांनीही वाचावं, कारण त्यांना दिसणाऱ्या काही गोष्टी आम्हाला दिसत नाहीत, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी हे पक्कं डोक्यात ठेवायचं की बोलत नाही म्हणून दुखत नाही असं समजायचं नाही. श्वासाची ट्यूब स्वरयंत्रामधूनच खाली गेलेली असते त्यामुळे आवाज निघूच शकत नाही, वरून झोपेचं औषध चालू, कुणाला स्ट्रोक झालाय, कुणी भ्रमात आहे, कुणाच्या अंगात हात उचलण्याइतकीही ताकद उरलेली नाही. दुखणं मात्र आत चालूच असतं. आयएएसपी ही वेदनेचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यात स्पष्ट लिहिलंय की सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं असा अर्थ काढता येत नाही.

आधी विचारा, खरंच विचारा

गंमत वाटेल पण सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. पेशंट बोलू शकत नाही म्हणून आपण विचारतच नाही. व्हेंटिलेटरवरच्या किती तरी पेशंटना मान हलवता येते, बोट दाबता येतं, पापणी मिटता येते. त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर हे कुठल्याही स्केलच्या, म्हणजे पेशंटकडे बघून मार्क देण्याच्या पद्धतीच्या वर, कायम. ते मिळत असेल तर आपल्या अंदाजाला काही किंमत नाही.

विचारायची पण एक रीत आहे. चेहऱ्यासमोर या, नावाने हाक मारा, चष्मा लावत असतील तर चष्मा लावा, कानाचं मशीन असेल तर ते घाला, आजूबाजूचा आवाज कमी करा. मग साधा छोटा प्रश्न, "दुखतंय का? हो असेल तर माझा हात दाबा." आणि थांबा. दहा सेकंद, पंधरा सेकंद, अजून थोडं. झोपेच्या औषधातून उत्तर बाहेर यायला वेळ लागतो आणि आपण तोवर पुढच्या बेडवर पोचलेले असतो.

आणि कृपा करून "दुखत नाहीये ना?" असं विचारू नका. आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेला प्रश्न आहे हा, मायेने विचारतो आपण, पण पेशंटने मान हलवली तर तुम्ही काय समजणार? हो दुखतंय, की हो दुखत नाहीये? मी स्वतः कित्येकदा यात फसलेय आणि "नाही म्हणाले" असं लिहून मोकळी झालेय. एका प्रश्नात एकच गोष्ट आणि ती सरळ.

जरा जास्त शुद्धीत असलेल्या पेशंटला 0 ते 10 आकड्यांची मोठ्या अक्षरातली आडवी पट्टी दाखवा, 0 म्हणजे अजिबात नाही आणि 10 म्हणजे सहन होण्यापलीकडे, आणि आकड्यावर बोट ठेवायला सांगा. बोट उचलत नसेल तर तुम्ही एक एक आकड्यावर बोट फिरवा आणि पापणी मिटायला सांगा. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा, ठणकतंय, आग होतेय, कळ येतेय, टोचतंय, चमक मारतेय, अवघडलंय, ओढ बसतेय. एका पुठ्ठ्यावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पोटात कळ येणं आणि जखमेची आग होणं यात कारण वेगळं, औषध वेगळं, आणि "अवघडलंय" वर बोट ठेवलं तर कधी कधी औषध लागतच नाही, नुसती कूस बदलली की काम होतं.

उत्तर मिळत नाही, मग कारण शोधा

हात दाबत नाही, डोळे उघडले तरी नजर लागत नाही, अशा वेळी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, मी या जागी असते तर मला काय काय दुखलं असतं? पोट उघडून ऑपरेशन झालंय, बरगड्या मोडल्यात, छातीत साचलेली हवा, पाणी काढायची नळी म्हणजे आयसीडी आहे, मांडीला फ्रॅक्चर आहे, मोठी जखम आहे, तर दुखतंय असंच धरून चालायचं, पुरावा मागत बसायचं नाही.

मग छोट्या गोष्टी. ट्यूबची टेप गालाला ओढतेय, ओठाचा कोपरा दाबला गेलाय, कान उशीखाली दुमडलाय, सुईचं झाकण पाठीखाली राहिलंय, ईसीजीची वायर अंगाखाली रुतलीय, चार दिवस संडास झालेली नाही, माकडहाडाजवळ कातडी लाल व्हायला लागलीय, गुडघ्याचं जुनं दुखणं आहे आणि आपण पाय सहा तास सरळ ठेवलाय. डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत या, अंगाखाली हात घालून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हे मी एका आजोबांकडून शिकले. माझी आयसीयूतली पहिली दोन-तीन वर्षं असतील. रात्रीची शिफ्ट, आजोबा व्हेंटिलेटरवर, संध्याकाळपर्यंत ठीक होते आणि अकरानंतर हातपाय झाडायला लागले, बेडवरून उठायला बघायचे, ट्यूबकडे हात न्यायचे. मी डॉक्टरांना फोन केला, पेशंट खूप इरिटेबल आहे म्हणून सांगितलं, त्यांनी मिडाझोलाम हे झोपेचं औषध वाढवायला सांगितलं, मी वाढवलं, हात बांधले. थोडा वेळ गप्प झाले, परत सुरू. परत वाढवलं. पहाटे लघवीचं माप घ्यायला गेले तर पिशवीत जेवढी लघवी रात्री दहाला होती तेवढीच होती. कॅथेटरची नळी त्यांच्या मांडीखाली दुमडलेली. मांडी उचलून नळी सरळ केली आणि लघवी धो धो यायला लागली, आणि आजोबांचं कपाळ, मी बघत होते म्हणून सांगते, कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. पाच-सहा तास तो माणूस तुंबलेलं मूत्राशय घेऊन मला सांगत होता आणि मी त्याचे हात बांधून त्याला गुंगी देत होते. त्यांनी जे जे केलं ते सगळं सांगणंच होतं. त्या दिवसापासून अस्वस्थ पेशंट दिसला की माझा हात आधी पोटाच्या खालच्या भागावर जातो.

स्केल कसं वापरायचं

अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून स्केल. न बोलणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आयसीयूत दोन स्केल जास्त वापरली जातात, बीपीएस आणि सीपॉट. बीपीएस फ्रान्समध्ये ज्याँ-फ्रांस्वा पायें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं, 2001 मध्ये आलं. सीपॉट कॅनडातल्या सेलिन जेलिनास यांचं, त्या स्वतः नर्सिंगमधल्या आहेत, ते 2006 मध्ये आलं. दोन्ही चांगली आहेत, तुमच्या युनिटमध्ये जे आहे ते वापरा, फक्त सगळ्यांनी एकच वापरा. मी सीपॉटवर शिकले म्हणून तेच नीट सांगते.

सीपॉटमध्ये चार गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2, एकूण 0 ते 8.

पहिला चेहरा. सैल, काही ताण नाही तर 0. भुवया खाली ओढलेल्या, कपाळाला आठी, डोळ्याभोवतीची कातडी ताणलेली तर 1. हे सगळं आहेच आणि वर डोळे घट्ट मिटलेत, कदाचित ट्यूब चावतोय, तर 2. डोळे नुसते मिटलेले असणं आणि घट्ट मिटलेले असणं यात फरक आहे, घट्ट मिटले की पापण्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात, तिथे बघायचं.

दुसरी हालचाल. इथे लोक गोंधळतात. काहीच हालचाल नाही किंवा नॉर्मल पोझिशनमध्ये पडलाय तर 0, पण 0 म्हणजे दुखत नाहीच असं नव्हे, ते बाकीच्या तीन गोष्टींबरोबर वाचायचं. हळू, जपून हलणं, दुखऱ्या जागेकडे हात नेणं, ती जागा चोळणं, हातवारे करून लक्ष वेधून घेणं हे 1. ट्यूब ओढणं, उठून बसायला बघणं, हातपाय झाडणं, मारायला हात उगारणं, बेडवरून उतरायचा प्रयत्न हे 2. जोरात झाडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, तो हळूच पोटाकडे जाणारा हात कुणाला दिसत नाही, त्या हाताला एक मार्क आहे हे विसरू नका.

तिसरं व्हेंटिलेटरशी जुळणं. आरामात श्वास घेतोय, अलार्म नाहीत, 0. खोकतोय, अलार्म वाजतात पण आपोआप थांबतात, 1. मशीनशी भांडतोय, श्वास अडवतोय, अलार्म सतत, 2. ट्यूब काढलेली असेल तर याच जागी आवाज बघायचा, नॉर्मल बोलणं किंवा आवाज नाही 0, उसासे किंवा कण्हणं 1, रडणं ओरडणं 2. मशीनशी भांडणाऱ्या पेशंटच्या बाबतीत आधी हे बघा की ट्यूबमध्ये स्राव अडकलाय का, ट्यूब सरकलीय का, सेटिंग चुकलंय का. श्वास गुदमरलेला माणूस पण असाच दिसतो आणि तिथे वेदनाशामक देऊन भागत नाही.

चौथा स्नायूंचा ताण, आणि हे कायम शेवटी बघायचं, कारण यात पेशंटला हात लावावा लागतो आणि हात लावला की तो दचकतो, मग बाकीचे मार्क बिघडतात. हात कोपरात हळूच वाकवा आणि सरळ करा. सहज होतंय 0, विरोध जाणवतोय 1, इतका कडक की पूर्ण वाकवताच येत नाही 2.

पद्धत अशी की आधी एक मिनिट शांत पडलेला असताना बघायचं, तो त्याचा बेस. मग कूस बदलताना, ड्रेसिंग करताना, सक्शन करताना, म्हणजे ट्यूबमधला स्राव ओढून काढताना परत बघायचं, आणि त्या वेळात जो सगळ्यात जास्त मार्क दिसला तो धरायचा, सरासरी काढायची नाही. एकूण 3 किंवा जास्त आला तर दुखतंय असं धरून काहीतरी करायचं. बेसपेक्षा 2 ने वाढला तरी लक्ष द्यायचं.

एक उदाहरण देते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या बाई, दुसरा दिवस. शांत पडलेल्या असताना चेहरा सैल, हालचाल नाही, अलार्म नाही, हात सैल, सीपॉट 0. त्याच बाईंना आम्ही डाव्या कुशीवर वळवलं तर डोळे घट्ट मिटले, चेहऱ्याचे 2. उजवा हात हळूहळू टाक्यांकडे गेला, 1. खोकला आला, अलार्म दोनदा वाजून थांबला, 1. हात वाकवताना विरोध, 1. एकूण 5. चार्टवर दर वेळी आरामातलाच आकडा लिहिला असता तर त्या बाईंना कधीच दुखलं नाही असं झालं असतं. पुढच्या वेळी आधी फेन्टानिल या वेदनाशामकाचा ठरलेला डोस दिला, चार-पाच मिनिटं थांबलो, मग वळवलं, तेव्हा फक्त कपाळाला आठी, एकूण 1.

बीपीएस वापरत असाल तर तिथे चेहरा, हात आणि व्हेंटिलेटर या तीन गोष्टी आहेत, प्रत्येकी 1 ते 4, म्हणजे एकूण 3 ते 12. तिथे 3 हा सगळ्यात कमी आकडा आहे हे लक्षात ठेवा, सीपॉटवरून आलेली माणसं 3 बघून घाबरतात. तिथे 5 च्या वर गेलं की उपाय करायचा.

मॉनिटरचं काय

पल्स वाढली, बीपी वाढलं म्हणजे दुखतंय, आणि नॉर्मल आहे म्हणजे दुखत नाही, हे डोक्यातून काढून टाका. पल्स तापाने वाढते, रक्त गेल्याने वाढते, भीतीने वाढते. उलट बीटा ब्लॉकरवर, म्हणजे पल्स कमी ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या पेशंटची पल्स कितीही दुखलं तरी फारशी हलत नाही, आणि ज्याचं बीपी नॉरअॅड्रेनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधावर चाललंय त्याच्या आकड्यावरून दुखण्याबद्दल काय कळणार? अमेरिकेतल्या एससीसीएम या क्रिटिकल केअरच्या संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे, की आकडे बदलले तर ती नीट तपासायला जायची खूण समजा, पण एकट्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. म्हणून मी नवीन मुलींना पहिल्या मिनिटाला मॉनिटरकडे बघू देत नाही.

झोपवलं म्हणजे दुखणं गेलं असं नाही

मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल झोप आणतात, दुखणं कमी करत नाहीत. हे सगळ्यांना परीक्षेत पाठ असतं आणि रात्री तीन वाजता कुणालाच आठवत नाही. अस्वस्थ पेशंटला आधी फक्त झोपवलं तर आपण त्याची खूण पुसतो, दुखणं तसंच राहतं. म्हणून क्रम असा ठेवा, आधी वेदना तपासा आणि त्यावर उपाय करा, मग रॅस, म्हणजे पेशंट किती जागा, किती झोपेत आहे याचं माप बघा, आणि तरीही गरज असेल तर झोपेचं औषध. कित्येकदा दुखणं आवरलं की झोपेच्या औषधाचा डोस आपोआप कमी होतो, पेशंट जागा पण शांत राहतो, आणि मग तो स्वतःच मान हलवून सांगायला लागतो.

भ्रमात असलेल्या पेशंटचं पण असंच. भ्रम आहे म्हणून हातपाय हलवतोय असं म्हणून सोडून द्यायचं नाही, भ्रमातल्या माणसालाही दुखतं, आणि न आवरलेलं दुखणं भ्रम वाढवू शकतं.

जिथे स्केल चालत नाही

सगळ्यात काळजी मला याच पेशंटची वाटते. अॅट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम चालू आहे, स्नायू पूर्ण सैल पाडलेत, तिथे चेहरा हलणार नाही, हात हलणार नाही, मशीनशी भांडणार नाही. सीपॉट 0 येणारच, दगडाचाही येईल. अशा पेशंटच्या चार्टवर 0 लिहू नका. "स्नायू सैल करणारं औषध चालू, वेदना तपासता येत नाही, दुखतंय असं गृहीत" असं लिहा. ही औषधं ना झोप आणतात ना वेदना कमी करतात, त्यामुळे ती सुरू करायच्या आधी खोल झोप आणि पुरेसं वेदनाशामक चालू आहे याची खात्री करायची, आणि ते दोन्ही पंप मध्येच रिकामे होणार नाहीत हे बघणं ही माझ्या मते त्या शिफ्टमधली आपली पहिली जबाबदारी. सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून तयार ठेवा. कूस बदलताना अचानक पल्स उडाली, घाम आला, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. इथे मॉनिटर बघायचा, कारण दुसरं बघायला फार काही उरलेलंच नसतं. तरी यातलं काहीच नसेल म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

रॅस उणे 4, उणे 5 एवढा खोल झोपलेला पेशंट, मानेखालून लुळा झालेला पेशंट, गियाँ-बारे हा नसांचा आजार झालेला पेशंट, यांचंही तसंच. गियाँ-बारेमध्ये तर अंग हलत नाही आणि दुखतं मात्र भयंकर, पाठ, पाय, नुसती चादर लागली तरी. चेहरा हलत असेल तर तेवढा एक चेहराच वाचायचा.

डोक्याला मार लागलेले पेशंट वेगळे वागतात. ते नेहमीसारखं तोंड वाकडं करतीलच असं नाही, त्याऐवजी एकदम डोळे उघडतात, चेहरा लाल होतो, डोळ्यात पाणी येतं. आणि हातपाय ताठ होणं हे मेंदूच्या इजेमुळेही असू शकतं, म्हणून तिथे स्नायूंच्या ताणाचे मार्क जरा सांभाळून धरा आणि त्याच पेशंटचा आधीचा बेस बघून तुलना करा.

नातेवाईकांना विचारा

व्हिजिटच्या वेळी आलेल्या माणसाला आपण रिपोर्ट सांगतो आणि बाहेर पाठवतो. त्याला एक प्रश्न विचारा, यांना घरी दुखायचं तेव्हा हे काय करायचे? एका मुलीने मला सांगितलं होतं की बाबा कधी कण्हत नाहीत, त्यांचं दुखायला लागलं की ते डाव्या पायाचा अंगठा हलवत राहतात, दाढ दुखायची तेव्हाही तसंच. मी पायावरची चादर बाजूला केली तर अंगठा हलत होता. कुठल्याच स्केलमध्ये पायाचा अंगठा नाही. आम्ही ते मोठ्या अक्षरात बेडच्या डोक्याशी लिहून ठेवलं आणि पुढचे सहा दिवस प्रत्येक शिफ्टने आधी चादर वर करून अंगठा बघितला.

नातेवाईकांना किती दुखतंय याचा आकडा नीट सांगता येईलच असं नाही, काळजीपोटी ते जास्तही सांगतील, पण ही सवय, ही लकब, घरी कोणती दुखण्याची गोळी चालू होती, कुठला सांधा जुना दुखरा आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि तुम्ही नातेवाईक असाल तर हे न विचारता सांगा. "सिस्टर, यांच्या कपाळावर अशी आठी कधी नसते" एवढं वाक्य पुरतं.

द्या आणि परत बघा

शंका असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलून वेदनाशामकाचा छोटा डोस देऊन बघायचा आणि परत मार्क घ्यायचे. आकडा उतरला तर दुखणंच होतं. उतरला नाही तर दुखत नाही असा निष्कर्ष काढू नका, डोस कमी पडला असेल, कारण दुसरं असेल, परत डोक्यापासून पायापर्यंत बघा. वेळ मात्र औषधाप्रमाणे धरा, शिरेतून दिलेलं फेन्टानिल काही मिनिटांत काम करतं, मॉर्फिनचा पूर्ण परिणाम यायला साधारण वीस मिनिटं लागतात, मॉर्फिन देऊन दोन मिनिटांनी सीपॉट घेऊन काही कळणार नाही. ट्यूब नसलेल्या पेशंटला ही औषधं देताना श्वास मोजत राहा, बीपी बघा, आणि संडास कधी झाली याची नोंद ठेवा.

दुखणाऱ्या प्रोसिजर आपल्याला आधीच माहीत असतात, मग वाट कशाला बघायची? 28 देशांतल्या आयसीयूमध्ये झालेला एक मोठा अभ्यास 2014 मध्ये आला, त्यात पेशंटनी सर्वात दुखरी म्हणून सांगितलेली होती छातीतली नळी काढणं, जखमेतला ड्रेन काढणं आणि आर्टरियल लाइन, म्हणजे धमनीतली बारीक नळी घालणं. त्याआधी 2001 च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना सर्वात जास्त दुखलं ते कूस बदलताना, जे आपण दर दोन तासांनी करतो आणि ज्याला आपण प्रोसिजर मानतच नाही. म्हणून औषध आधी, त्याचा जोर चढेपर्यंत थांबायचं, मग हात लावायचा. आयसीडी काढायच्या आधी नळीभोवती गॉझमध्ये गुंडाळलेला बर्फाचा पॅक दहा मिनिटं ठेवला तर फरक पडतो. आणि हात लावायच्या आधी सांगा, पेशंट बेशुद्ध वाटला तरी सांगा, "काका, आता तुम्हाला उजवीकडे वळवतेय, थोडं ओढल्यासारखं वाटेल, लगेच होईल." न सांगता अंगावर पडलेला गार हात कुणालाही घाबरवतो.

लिहायचं काय

"पेशंट शांत आहे", "कम्फर्टेबल" हे लिहिणं बंद करा, त्यातून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. असं लिहा: आरामात सीपॉट 0, कूस बदलताना 5, चेहरा आणि टाक्यांकडे हात, फेन्टानिल दिलं, पाच मिनिटांनी 1. एका ओळीत पुढच्या माणसाला कळतं की या बाईंना हलवायच्या आधी औषध लागतं. निदान शिफ्टमध्ये चार वेळा, शिवाय प्रत्येक दुखऱ्या कामाच्या आधी आणि त्या वेळी, आणि प्रत्येक डोसनंतर.

हँडओव्हर देताना बेडपाशी दोघींनी मिळून मार्क घ्या, आधी एकमेकींना न सांगता मनात धरा आणि मग बोला. सुरुवातीला एकीचे 2 आणि दुसरीचे 5 येतात, मग कुठे फरक पडला ते त्याच पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं, ती म्हणते भुवया, ही म्हणते मला नाही दिसल्या, परत बघतात. आमच्याकडे साधारण महिनाभरात सगळ्यांचे आकडे एका मार्काच्या आत यायला लागले. आणि जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला बाकी सगळं सांगून झालं की हे एक सांगायचं, या पेशंटचं दुखणं कुठे दिसतं, कपाळात, मुठीत, का अंगठ्यात.